चारशे सतरा नंबरचा बिल्ला

माझ्या धाकट्या भावाच्या, झुंबरच्या, स्वयंपाकघरात कुणी पहिल्यांदा आलं की ते भिंतीकडे बघत उभं राहतं. ओट्याच्या वर त्यानं एक पांढरी फळी ठोकली आहे. तिच्यावर काळ्या रंगानं पळी काढलेली, उलथनं काढलेलं, सांडशी, किसणी, चहाची गाळणी, सगळं काढलेलं. ज्याच्या त्याच्या चित्रावर ज्याचं त्याचं भांडं टांगायचं. भांडं उतरवलं की मागं त्याची काळी सावली तेवढी राहते, आणि त्या सावलीच्या खिळ्याला आपला बिल्ला लावायचा. झुंबरचा बिल्ला पितळेचा, त्यावर ४१७ असा आकडा ठोकलेला. माझा अ‍ॅल्युमिनियमचा, त्यावर १.

"मला एक नंबर का रे?" मी विचारलं होतं.

"तू मोठी ना आक्का."

"मग तुला चारशे सतरा कशापायी? मधली चारशे पंधरा भावंडं कुठं गेली आपली?"

तो हसला नाही. एरवी कशालाही हसतो, बिल्ल्याच्या गोष्टीत हसत नाही. मी बिल्ला न लावता पळी घेतली तर आमटी ढवळू देत नाही, मग ती खाली लागून करपली तरी चालेल. माझी भावजय गेली त्याला नऊ वर्षं झाली. तिनं त्याच्याशी संसार केला की त्याच्या हाताखाली नोकरी केली, ते तिलाच ठाऊक.

झुंबर विमानाच्या कारखान्यात फिटर होता. तिथं हत्यारांची अशीच फळी असते म्हणे. पाना घेतला की त्याच्या जागी आपल्या नंबरचा बिल्ला लावायचा. पाळी सुटताना फळीवर एकही बिल्ला दिसता कामा नये. एक जरी दिसला तर फाटक बंद, आणि हत्यार सापडेपर्यंत कुणीही घरी जायचं नाही. विमानाच्या पोटात बोटाएवढा पाना राहिला तरी तो वर गेल्यावर कुठंतरी जाऊन अडकतो, आणि मग माणसं खाली येतात ती पुन्हा घरी जायला येत नाहीत. हे तो मला भाकरी खाता खाता सांगायचा.

तेव्हा आम्ही पिंपळगावकडच्या मळ्यात राहत होतो. मी कपाळ पांढरं करून माहेरी परत आलेली, आणि तो नवा नवा नोकरीला लागलेला. एक दिवस सायकलवरून घरी आला, हातपाय धुवायला पँट गुडघ्यापर्यंत वर करायला गेला आणि खिशात काहीतरी टोचलं. बघतो तर पाना. त्या दिवशी कुणाच्या तरी घाईत फळी नीट बघितली गेली नव्हती आणि फाटक उघडलं होतं. पोरगं पांढरंफटक पडलं.

मी म्हणाले, "टाक तो विहिरीत. कुणाला कळतंय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. शेणात पाय पडल्यावर माणूस आपल्याच पायाकडे बघतो तसं. सायकल वळवली आणि सहा मैल परत गेला. तिथं फळीवर मागाहून बिल्ला दिसला होता, आणि एका विमानाचे पत्रे उघडून सोळा माणसं आत हात घालून शोधत बसली होती. यानं जाऊन सांगितलं, माझ्याकडे आहे. आठ दिवस घरी बसवलं त्याला. पगार कापला. पण नंतर बत्तीस वर्षं त्या पाळीत कुणाला शंका आली की लोक म्हणायचे, झुंबरला विचारा, तो खोटं सांगायचा नाही. माझा भाऊ एवढाच आहे. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं फारसं काही नाही. त्यानं कधी विमानातून प्रवाससुद्धा केलेला नाही.

आता आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून आहेत, नाशिकच्या हमरस्त्यावर दहावा मैल म्हणतात त्याच्या अलीकडे. त्याच्या गच्चीवरून विमानं उतरताना दिसतात. आणि त्या गच्चीपायीच हे सगळं रामायण झालं.

विंचूरच्या मार्केटात महेश नावाचा एक कांद्याचा आडत्या आहे. चाळिशीचा, गळ्यात कायम दुर्बीण. ढिगात हात घालून कांद्याचा भाव सांगणारा माणूस, त्यामुळे त्याला वाटतं कुठल्याही ढिगात हात घालता येतो. त्यानं कुठून तरी ऐकलं की इथं एक जुना फिटर राहतो आणि त्याची गच्ची चांगली आहे. मग दर रविवारी चार वाजता मंडळी जमायला लागली. महेश, विम्याचं काम करणारा संतोष, गंगापूर रोडला क्लासमध्ये गणित शिकवणारी योगिनी, आणखी दोन-चार येणारे-जाणारे. 'गगनवेडे नाशिककर' असं नाव ठेवलं होतं. पहिले काही महिने बरं वाटलं. विमान आलं की लहान पोरांसारखी ओरडायची, पंखाचा आकार बघून नाव सांगायची, पैजा लावायची. मी भजी तळायची, झुंबर चहा करायचा. म्हातारपणी घरात माणसांचा आवाज असला की जेवण जातं.

मग हळूहळू विमानं बघणं मागं पडलं आणि विमानं पडणं पुढं आलं.

जगात कुठंही विमान पडलं की या मंडळींची दिवाळी. मधल्या वारीसुद्धा फोनाफोनी व्हायची, "काका, आज बसायचं का?" मेलेल्यांचा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारायचे. गच्चीवर एक मोठा मोबाईल स्टँडला लावायचा आणि ती चित्रं पुढं-मागं, पुढं-मागं. विमान खाली येतंय, थांबव. परत वर ने. मोठं कर. संतोषचं बोट भज्याच्या तेलानं माखलेलं, ते तो काचेवर ठेवायचा आणि म्हणायचा, "आज्जी, हे बघा, हितं त्याचा पंख कलला. हितं संपलं सगळं." त्या जागी तेलाचा डाग राहायचा. आत दीडदोनशे माणसं, आणि वर याच्या बोटाचं तेल.

आपल्याकडे माणूस गेलं की दहाव्याला गंगेवर जाऊन पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरातला माणूस धड घास घेत नाही. यांचे पिंड मांडायच्या आधीच निकाल तयार. "पायलटचीच चूक." "नाही, मेंटेनन्स." "पैज लावतो." एकदा तर महेशनं पैज जिंकली म्हणून पेढे आणले. मी हातात घेतला आणि मग विचारलं, कशाचा? त्यानं सांगितलं. तो पेढा मी खाली कुत्र्याला टाकला. कुत्र्यानं खाल्ला, त्याला काय माहीत.

झुंबर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचा. "काका, तुमचं काय मत?" असं कुणी विचारलं की एकच उत्तर, "अहवाल येऊ द्या." मंडळींनी त्याचं नाव अहवालकाका ठेवलं.

मी त्याला म्हणायची, "अरे, हाकलून दे ना या गिधाडांना."

"येतात तोवर दोन शब्द ऐकतील तरी माझे," तो म्हणायचा. "मी नाय म्हटलं तर दुसऱ्या गच्चीवर बसतील."

त्या गच्चीवर आणखी एक पोरगी लहानपणापासून यायची. दोन घरं पलीकडच्या मंगलाबाईची चैताली. मंगला अंगणवाडीत आहे, नवरा पोरगी पाचवीत असतानाच गेला. चैतालीला विमानाचं वेड झुंबरनं लावलं. बिल्ल्याची फळी तिला एवढी आवडायची की माझ्या घरातून उलथनं नेलं तरी ती बिल्ल्याच्या जागी चिंचोका ठेवून जायची. बारावीनंतर तिनं विमान चालवायच्या शाळेत नाव घातलं, दूर दुसऱ्या जिल्ह्यात. सुट्टी असली की घरी यायची, आधी झुंबरला नमस्कार आणि मग आईला. मंगला म्हणायची, "भाऊ, पोरगी माझी की तुमची?"

त्या मंगळवारी अंगारकी चतुर्थी होती. चैताली दोन दिवस घरी येऊन मंगळवारी पहाटेच्या गाडीनं परत गेली. दुपारी तीनच्या सुमाराला तिचं शिकायचं विमान बाजरीच्या शेतात पडलं. बरोबर शिकवणारे सर होते, ते जागच्या जागी गेले. चैताली वाचली. पाय दोन ठिकाणी मोडला, जबडा फुटला. तिला नाशिकला आणलं, गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात. जबडा तारेनं बांधून टाकला. दीड महिना तोंड उघडायचं नाही असं डॉक्टर म्हणाले.

म्हणजे ज्या एकाच माणसाला काय झालं ते माहीत होतं, त्याचं तोंड बंद. आणि बाकी सगळ्या जगाचं उघडं.

मला वाटलं, त्या रविवारी तरी मंडळी येणार नाहीत. आली. चारला पाच मिनिटं कमी असताना आली, एरवी साडेचारपर्यंत रेंगाळत येणारी. झुंबर मंगलाला घेऊन दवाखान्यात गेला होता. मी म्हणाले, "तो घरी नाय." तर महेश म्हणाला, "असू द्या आज्जी, आम्ही बसतो. आज आपल्याच नाशिकच्या पोरीचा विषय आहे." विषय! दोन घरं पलीकडे त्या पोरीच्या घराला कुलूप होतं, दारात कुणी रांगोळी काढली नव्हती, आणि हा म्हणे विषय.

मी त्यांना जिन्यातच अडवायला पाहिजे होतं. मी काय केलं? चहा टाकला.

वर गेले तर ते चित्र लागलेलं. कुणाच्या तरी शेतातल्या कॅमेऱ्यात सापडलेलं. पांढरं, छोटं, खेळण्याएवढं विमान, वळतं, एका बाजूला कलतं आणि बाजरीच्या मागं जातं. बस. परत लाव. परत लाव. संतोष म्हणाला, "इंजिन चालू आहे, आवाज ऐका." महेश म्हणाला, "मग पोरगीनंच घोळ घातला. पण का घातला? कारण पाहिजे ना."

आणि मग तो माझ्याकडे वळला. "आज्जी, तुम्ही तर शेजारच्या. ती घरीच होती ना आदल्या दिवशी? काही टेन्शन वगैरे? तब्येत?"

इतक्या महिन्यांत त्या गच्चीवर मला कुणी भजी गरम आहेत का यापलीकडे काही विचारलं नव्हतं. आता सगळ्यांनी माना वळवल्या, योगिनीनं सरकून जागा करून दिली. मला कुणी विचारलं की मी फुलते, हा माझा जुना रोग आहे. हातात ट्रे, आणि मी उभ्या उभ्या म्हणाले, "अंगारकी होती ना त्या दिवशी. पोरगी उपाशी असंल."

"उपास होता तिचा?"

"मग? सोमवारी संध्याकाळी मी मंगलाकडे विरजण आणायला गेले होते. ओट्यावर साबुदाणा भिजत घातलेला. माझ्या डोळ्यांनी बघितला की."

"म्हणजे पहाटेपासून पोटात काही नाही," महेश सावकाश म्हणाला. असं सावकाश तो ढिगात चांगला कांदा लागला की बोलतो. "ऊन. भोवळ. क्लिअर आहे."

मला तेव्हा वाईट वाटलं नाही, हे मी लिहून ठेवते. बरं वाटलं. कोडं माझ्यामुळे सुटलं असं वाटलं. खाली येऊन मी दोन घास जास्त जेवले.

सोमवारी महेशनं आपल्या चॅनलवर ते टाकलं. 'अंगारकीच्या उपासाने घेतला बळी?' असं मोठ्या लाल अक्षरात, आणि शेजारी चैतालीचा दहावीचा फोटो. आत तो सांगत होता, कुटुंबाच्या अगदी जवळच्या व्यक्तीनं आम्हाला माहिती दिली आहे. ती जवळची व्यक्ती म्हणजे मी. दोन दिवसांत चाळीस हजार लोकांनी बघितलं. खाली लोकांनी लिहिलेलं मी वाचलं, मला तेवढं वाचता येतं. कुणी उपासाला शिव्या घातलेल्या, कुणी शिव्या घालणाऱ्यांना. कुणी लिहिलं होतं, बायकांना विमान देऊच नये. कुणी हसरे चेहरे टाकले होते. गटार तुंबलं की सगळ्या घरांची घाण एकाच ठिकाणी दिसते, तसं. आणि त्या गटाराच्या तोंडाशी मी टाकलेली साबुदाण्याची मूठ.

बुधवारी त्या गेलेल्या सरांच्या भावाचा मंगलाला फोन आला. "तुमच्या पोरीच्या देवापायी आमचा माणूस गेला." मंगलानं फोन कानाला तसाच धरून ठेवला, पलीकडून बंद झाला तरी. मग शाळेकडून विचारणा आली, की उड्डाणाआधी तिनं खाल्लं होतं का, ते कळवा, चौकशीत लागणार आहे. उपाशी उडायचं नाही असा तिथं कडक नियम. उपाशी होती असं ठरलं तर पोरीचं पुन्हा विमानात बसणं संपलं, आणि एका माणसाचा जीव आयुष्यभर तिच्या नावावर.

त्या संध्याकाळी मंगला झुंबरच्या ओट्याला टेकून बसली होती. मीही होते. ती म्हणाली, "भाऊ, साबुदाण्याचं कुणाला माहीत होतं? घरात मी आणि चैताली. परकं कुणी आलंच नाही त्या दिवशी."

मी पदराला गाठ मारत बसले. ती गेली तरी गाठ मारत बसले. झुंबर उठला, फळीच्या कडेला टांगलेला माझा एक नंबरचा बिल्ला काढला आणि माझ्यासमोर फरशीवर ठेवला.

"आक्का, हा कुठं लावू?"

"मी काय खोटं बोलले का? साबुदाणा होताच."

"साबुदाणा होता. पुढं?"

"पुढं काय, अंगारकी होती..."

"तू तिला उपाशी जाताना बघितलं?"

मी बिल्ला फरशीवर उलटा करून ठेवला.

"सोळा माणसं पत्रे उघडून बसली होती त्या दिवशी," तो म्हणाला, "आणि तू मला विहीर दाखवत होतीस. आठवतं?" आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही दवाखान्यात गेलो. बसमध्ये त्यानं खिडकीची जागा मला दिली आणि सगळा रस्ता समोर बघत राहिला.

चैताली उशीला टेकून बसली होती. तोंड सुजलेलं, ओठांच्या आत तारा, नळीनं पातळ पाजायचं. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. "मंगला, ते मी बोलले. साबुदाणा मी बघितला होता, विरजणाला आले तेव्हा. पोरगी उपाशी असंल हे मी माझ्या मनानं जोडलं आणि त्या कांदेवाल्याला दिलं."

मंगला म्हणाली, "मावशी, उपास माझा होता. ज्या दिवशी हिला उडायचं त्या दिवशी हिला उपास धरता येत नाही. म्हणून हिच्या वाटचा मी धरते. दोन वर्षं झाली." चैतालीची नळी सरळ करत ती म्हणाली, "मला विचारायचं ना. मी सांगितलं असतं."

एवढं साधं. दोन घरं पलीकडे होती ती. दवाखान्यात होती तर संध्याकाळी येणारच होती. विचारायला चपलासुद्धा घालायला लागल्या नसत्या.

चैतालीनं वही मागितली. अक्षर तेच, शाळेतलं. लिहिलं: "भेंडी-भाकरी खाल्ली. दीड वाजता. सरांनी पण अर्धी भाकरी घेतली."

मग पान उलटून माझ्यासाठी लिहिलं: "आज्जी, मी साबुदाणा खाते का कधी?"

अगं बाई. ही पोरगी चार वर्षांची असताना माझ्याच मांडीवर साबुदाण्याची खिचडी ओकली होती. तेव्हापासून तिला त्याचा वासही चालत नाही. आषाढी असो, महाशिवरात्र असो, मी तिच्यासाठी वेगळी भगर करायची. मीच. हे मला ठाऊक होतं, त्या गच्चीवर ट्रे धरून उभी होते तेव्हाही ठाऊक होतं. सगळ्या मुंड्या माझ्याकडे वळल्या आणि मी ते विसरले. मला त्या संतोषच्या तेलकट बोटाची शिसारी येत होती. त्या दिवशी मी माझे हात दवाखान्याच्या नळावर तीन वेळा धुतले.

झुंबरनं कॉटच्या खालचं कपाट उघडलं. पोलिसांनी परत दिलेली चैतालीची बॅग तिथं होती. आतून डबा निघाला. नऊ दिवसांचा, बंद, न धुतलेला. मंगलानं तो हातात घेतला आणि नाकाला पदर लावला. "घाण येतेय, विसळून आणते."

"हात लावू नको," झुंबर एकदम म्हणाला. तिच्या हातातून डबा घेतला, झाकण उचलून बघितलं. भेंडीचे दोन काळे पडलेले देठ, भाकरीचा चुरा, कडेला वाळलेला ठेचा. जेवून झालेला डबा. झाकण लावलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. "हा चौकशीला द्यायचा. आणि वहीचं पान. आणि दवाखान्यात आणल्या आणल्या रक्त तपासलं असंल, त्याचा कागद मागून घेऊ. साखर किती होती ते त्यात असतंय." डबा त्यानं मांडीवर धरला होता, पेढ्यांचा पुडा धरावा तसा. त्याला वास येत नव्हता.

रविवारी मंडळी आली. गच्चीवर झुंबरनं सकाळीच एक फळी ठोकून ठेवली होती, आठ खिळ्यांची. वर खडूनं लिहिलं होतं: 'कारण सांगणाऱ्यानं आपला बिल्ला लावावा आणि स्वतः काय पाहिलं ते लिहावं.' पहिल्या खिळ्याला माझा एक नंबर मी सगळ्यांसमोर लावला. खाली मला लिहिता आलं तसं लिहिलं, 'साबुदाना पान्यात पाहिला. बाकी काही नाही पाहिलं.'

मग मी महेशला सांगितलं, सगळं. डब्याचं, भगरीचं. त्याचा चेहरा आधी पडला आणि मग, देवाशपथ सांगते, उजळला.

"आज्जी, भारी! हेच कॅमेऱ्यात सांगा. 'शेजारच्या आजीचा कबुलीजबाब'. फक्त थोडं..." त्यानं डोळ्यांखाली बोट फिरवलं, "थोडं रडत सांगितलं तर बरं. लोकांना पटतं."

माझ्या हातात गरम तेलातला झारा असता तर मी काय केलं असतं, ते गणपतीलाच माहीत. भजी त्या दिवशी मी केलीच नव्हती.

"आधी पहिलं काढ," मी म्हणाले.

"काढून काय उपयोग आता? चाळीस हजार लोकांनी पाहिलंय. गेलं ते."

"पाना आत राहिला," झुंबर खुर्चीतून म्हणाला, "आणि विमान उडालं. मग काय, उडालंच आहे तर राहू दे म्हणायचं?"

"काका, तुम्ही प्रत्येक गोष्टीत पाना आणता."

"हो. तू काय आणतोस? पेढे?"

संतोष खोटं खोटं हसला. महेश तोंडातल्या तोंडात म्हणाला, "आम्ही लोकांना जागं करतो. अहवालाची वाट बघत बसलो तर वर्ष जाईल."

"जाऊ दे की वर्ष," झुंबर म्हणाला. "त्या सरांना कुठं घाई आहे आता?"

वर एक विमान उतरायला आलं, आवाज झाला, आणि पहिल्यांदाच त्या गच्चीवर कुणी मान वर केली नाही. मग योगिनीनं पर्समधून फोन काढला. चॅनल महेशचं असलं तरी चित्रं चढवायचं काम तिच्याकडे होतं, आम्हाला माहीत नव्हतं. ते लाल अक्षर तिनंच लिहिलं होतं.

"योगिनी, विचार केल्याशिवाय काही करू नकोस हां," महेश म्हणाला.

"विचार न करताच चढवलं होतं सर," ती म्हणाली. दोन वेळा बोट दाबलं. "काढलं." मग ती फळीपाशी गेली, पर्समधलं क्लासचं ओळखपत्र दोरीसकट दुसऱ्या खिळ्याला लावलं. खाली लिहिलं, 'काहीच पाहिलं नाही. तरी लिहिलं.'

महेशनं गळ्यातली दुर्बीण सावरली आणि जिना उतरला. संतोष त्याच्या मागोमाग, जाता जाता "आज्जी, चहा?" असं विचारायची त्याला सवय होती, ते अर्धवट तोंडात राहिलं. आता ते आडगावकडे कुणाच्या तरी गच्चीवर बसतात असं ऐकते. तिथंही कुणी तरी भजी तळत असेल.

चौकशीचे साहेब पंधरा दिवसांनी आले. सभ्य माणूस होता, चप्पल दाराबाहेर काढून आला. झुंबरनं माझं म्हणणं कागदावर उतरवून ठेवलं होतं, मी वाचलं आणि सही केली. मला वाटलं, साहेब चार रागाचे शब्द बोलेल. नाही बोलला. डबा त्यानं उजेडात धरून बघितला, पिशवीवर काहीतरी लिहिलं. रक्ताच्या कागदाची प्रत घेतली. म्हणाला, "उपाशी होती हे आता कुणी लिहिणार नाही. विमान का पडलं, ते मला अजून माहीत नाही, आजी."

इतक्या महिन्यांत, विमानाबद्दल बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून 'माहीत नाही' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

सरांच्या घरी मी फोन केला. फोन सरांच्या बायकोनं उचलला. मी नाव सांगितलं, साबुदाण्याचं सांगितलं, सरांनी डब्यातली अर्धी भाकरी घेतली तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाकरी कशाची होती?" मी म्हणाले, "बाजरीची." ती म्हणाली, "आवडायची त्यांना." आणि फोन ठेवला.

काढलेलं ते चित्र दुसऱ्यांच्या फोनवर अजून फिरतं. परवाच आमच्या भाचेसुनेनं मला घोटीहून पाठवलं, "मावशी, बघा, उपास करताना काळजी घ्या" म्हणून. मी एकेकाला कळवत असते, ते खोटं आहे, ते मी बोलले होते. काही जण म्हणतात, असेल. काहींना त्यात मजा वाटत नाही, म्हणून ते उत्तरच देत नाहीत.

चैतालीच्या तोंडाच्या तारा निघाल्या. पायात अजून सळई आहे. आता ती काठी टेकत झुंबरच्या घरी येते आणि खुर्चीत बसून चहा पिते. अहवाल यायचा आहे. तो काय येईल ते आम्हाला कुणालाच ठाऊक नाही, आणि आम्ही कुणी त्याच्यावर बोलत नाही. तिचीच चूक निघाली तर? असं एकदा माझ्या मनात आलं. मनातच ठेवलं.

काल चैताली बसलेली असताना मी आमटी टाकली. पळी घ्यायला हात वर केला तर झुंबर म्हणाला, "बिल्ला?"

"तो वर गच्चीत आहे ना."

"मग पळी नाय मिळायची."

"अरे, दोन महिने झाले! काढून आणते."

"अहवाल आल्याशिवाय तो खिळ्यावरून निघत नाय," तो म्हणाला. "तुझं हत्यार अजून बाहेरच आहे, आक्का."

चैतालीनं खिशात हात घातला, चिंचोका काढला आणि माझ्याकडे न बघता ओट्यावर ठेवला. मी तो उचलला, पण पळीच्या सावलीवर लावला नाही. तो तिचा होता. मी कपाटातून चहाचा चमचा काढला आणि पातेलंभर आमटी चहाच्या चमच्यानं ढवळत राहिले. थोडी खाली लागली. दोघांनी तशीच खाल्ली.